कॅमेरा बिघडलाय असं वाटतंय? आधी या चुका टाळा

दिवाळी झाली आणि शेजारचे काका कॅमेरा घेऊन आले. "अगं, हा बिघडला वाटतं. नातवाच्या वाढदिवसाचे सगळे फोटो काळे आलेत. सर्व्हिस सेंटरला टाकू का?" मी पडद्याच्या खालची पट्टी बघितली. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय, उणे दोनवर होतं. पणत्यांचे फोटो काढताना काकांनी ते खाली आणलं होतं आणि तेव्हा ते बरोबरच होतं. म्हणून तर ज्योत पांढरीफटक न होता ज्योतीसारखी आली. पण नंतर ते शून्यावर न्यायचं राहिलं. उणे दोन म्हणजे प्रकाशाचा फक्त चौथा हिस्सा. घरातल्या ट्यूबलाइटखाली फोटो काळेच येणार.

ओळखीच्या लोकांना मी बरीच वर्षं कॅमेरा शिकवते. 'बिघडलाय' म्हणून हातात आलेला कॅमेरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. मोबाइलची सवय असलेल्यांची इथे पहिली गल्लत होते. मोबाइल दर फोटोला सगळं स्वतः नव्याने ठरवतो. कॅमेऱ्याला काल जे सांगितलं, ते तो आजही पाळतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत बंद करून पुन्हा सुरू केला तरी कालचा उणे दोन तसाच असतो, कालचा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा, तसाच असतो, कालचा सेल्फ टायमरसुद्धा कधीकधी तसाच असतो. फुजीच्या अनेक मॉडेलांवर तर कॉम्पेन्सेशनची चकतीच वर उघडी असते, ती बॅगेत घासून आपोआप फिरते.

म्हणून नव्या माणसाला मी आधी 'घरची सेटिंग' पाठ करायला लावते. मोड डायल 'ए'वर (ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), कॅननवर त्यालाच 'एव्ही' म्हणतात. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश येण्याचं भोक, एफ/५.६. आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ६४००, आणि सोय असेल तर किमान शटर (प्रकाश किती वेळ आत येतो तो) १/१२५ सेकंद. कॉम्पेन्सेशन शून्य. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सोय) ऑटो. फोकस सिंगल, मधल्या बिंदूवर. ड्राइव्हही सिंगल, म्हणजे एका दाबाला एकच फोटो. फोटो काढून झाले की कॅमेरा बॅगेत ठेवण्याआधी या जागी आणून ठेवायचा, देवघरात समई विझवून वाती नीट करून ठेवतो तसा. महागड्या मॉडेलांवर 'सी१' किंवा 'यू१' असा कप्पा असतो, त्यात हे सगळं एकदाच साठवता येतं. मग डायल तिथे फिरवला की काम झालं.

पहिल्याच दिवशी मॅन्युअल

'खरा फोटोग्राफर मॅन्युअलवरच काढतो' या सल्ल्याने कितीतरी कॅमेरे कपाटात गेलेत, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. हौसेने घेतलेली वस्तू, दोन समारंभांत फोटो फसले की माणूस पुन्हा मोबाइल काढतो. मॅन्युअल मोड चांगलाच आहे, पण त्याची जागा ठरलेली आहे. प्रकाश बदलत नाही तिथे तो कामाचा: नाटकाचा रंगमंच, तिपाईवर लावून काढलेलं रात्रीचं आकाश. लग्नात दर मिनिटाला तुम्ही मांडवातून अंगणात आणि अंगणातून स्वयंपाकघरात जाता. तिथे तीन आकडे (ॲपर्चर, शटर, आयएसओ) हाताने फिरवत बसलात तर मंगलाष्टकं संपून जातील.

याचीच जुळी चूक म्हणजे दुसऱ्याचे आकडे उतरवून घेणं. कुणीतरी 'एफ/८, १/२५०, आयएसओ १००' असं सांगितलेलं असतं. ते आकडे उन्हातले असतात. तेच मांडवाखाली लावले तर फोटो जवळजवळ काळाच येतो. आकड्यांऐवजी नातं लक्षात ठेवा. शटर १/१२५ वरून १/२५० केलं की प्रकाश निम्मा होतो, आयएसओ ४०० वरून ८०० केला की ती तूट भरून निघते.

पांढऱ्याचं राखाडी, काळ्याचंही राखाडी

कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोर काय आहे हे ओळखत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी आहे, साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारं, असं तो धरून चालतो. वारीत याचा अनुभव हमखास येतो. फ्रेमभर पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, वर पावसाळी पांढरं आभाळ, आणि फोटो मात्र मळकट. एवढा पांढरा रंग बघून मीटरला वाटतं उजेड फार झाला, तो कमी करतो. अशा वेळी कॉम्पेन्सेशन अधिक एकवर न्या. वेरूळच्या कैलास लेण्यात सावलीतल्या काळ्या दगडी भिंतींसमोर नेमकं उलटं होतं. दगड फिकट आणि धुरकट दिसतो, तिथे उणे ०.७ ते उणे एक लागतं. नवे लोक कॉम्पेन्सेशनचं बटण सहा-सहा महिने दाबतही नाहीत. माझ्या मते शटर बटणाखालोखाल तेच महत्त्वाचं आहे.

एक्स्पोजर नीट आहे की नाही हे मागच्या पडद्यावरच्या उजळपणावरून ठरवू नका. रात्री अंधारात पडदा झगझगीत दिसतो आणि घरी येऊन संगणकावर बघावं तर फोटो काळपट. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा डोंगरासारखा आलेख, चालू करा. डोंगर डाव्या भिंतीला चिकटला असेल तर सावल्या गेल्या, उजव्या भिंतीला चिकटला असेल तर पांढरं जळालं.

हललेला फोटो: आधी जात ओळखा

सगळ्यात जास्त तक्रारी याच येतात आणि उपायही सगळ्यात जास्त चुकतात, कारण 'फोटो ब्लर आलाय' या एकाच वाक्यात तीन वेगळे दोष येतात. फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून बघा.

सगळंच, म्हणजे भिंतसुद्धा, एकाच दिशेला ओढल्यासारखी दुहेरी दिसत असेल तर हात हलला. त्यासाठी जुना आडाखा आहे: लेन्सची फोकल लांबी (झूमचा आकडा) जितके मिलिमीटर, शटर निदान सेकंदाचा तितक्यावा भाग. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत त्याला दीडने गुणा. ५५ मिलिमीटरला १/८०, २०० मिलिमीटरला १/३२०. कोपरं अंगाला टेकवा, श्वास सोडून बटण दाबा, आणि बटणावर बोट आपटू नका.

भिंत स्वच्छ पण माणूस पुसट असेल तर माणूस हलला. इथे एक मोठा गैरसमज आहे. लेन्सवर व्हीआर, आयएस किंवा ओएसएस लिहिलेलं असतं, ते फक्त तुमच्या हाताची थरथर सावरतं. नाचणारं पोर त्याने थांबत नाही. ढोल-ताशा पथकात ताशाच्या काड्या थिजवायच्या तर १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर लागतं. काड्यांची धूसर रेघ हवी असेल तर १/६० वर काढून बघा. मला स्वतःला दुसरा प्रकार जास्त आवडतो, कारण त्यात ताशाचा आवाज ऐकू येतो.

तिसरी जात: फोटोत काहीतरी लख्ख आहे, पण भलतंच. औक्षणाच्या फोटोत ताटातलं निरांजन टोकदार आणि बहिणीचा चेहरा मऊ. हात हलला नाही, फोकस चुकला. फोकसचा बिंदू कॅमेऱ्यावर सोपवला की तो बहुधा जवळची वस्तू धरतो. नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात डोळे ओळखण्याची सोय असते, ती चालू करा. जुन्यात मधला बिंदू डोळ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबा, फोकस लागल्याची खूण दिसली की अर्धं दाबूनच फ्रेम सरकवा आणि मग पूर्ण दाबा. अर्धं दाबणं ही गोष्ट मोबाइलवर नसतेच, त्यामुळे नवे हात बटण एकदम तळापर्यंत नेतात. घरातल्या खुर्चीवर पन्नास वेळा सराव करा, बोटाला ती पायरी कळेपर्यंत.

धावणाऱ्या मुलासाठी सिंगल फोकस चालत नाही. सतत फोकस लावा: निकॉन आणि सोनीवर एएफ-सी, कॅननच्या डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) एआय सर्वो. झालं की परत सिंगलवर.

आणि व्ह्यूफाइंडरमधून सगळंच धूसर दिसतं पण फोटो चांगले येतात, असं असेल तर लेन्सचा काही दोष नाही. व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक चिमुकलं चाक असतं, ते चष्म्याच्या नंबरासाठी. आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत फिरवा. समोरच्या दृश्याकडे बघून फिरवू नका.

फ्लॅश आणि दिवे

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, चित्रांच्या जपणुकीसाठी. तरी हिरव्या ऑटो मोडवरचा कॅमेरा अंधार दिसला की फ्लॅश स्वतःच उघडतो, आणि बंद कसा करायचा ते माहीत नसलेला माणूस रखवालदारासमोर गोंधळतो. जाण्याआधी घरीच 'ए' मोडवर या. त्यात फ्लॅश आपण उघडल्याशिवाय उघडत नाही. लेन्स १८ मिलिमीटरवर, ॲपर्चर एफ/३.५, आयएसओ ३२००, खांबाला न टेकता दोन्ही हातांनी घट्ट धरलेला कॅमेरा: १/१५ किंवा १/२० लाही चित्रं नीट येतात. फोटोत थोडे दाणे दिसतील, दिसू द्या. हललेला फोटो पुढे सुधारत नाही, दाणे कमी करता येतात.

कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशचा पल्ला लोकांना फार वाटतो. त्याचा गाइड नंबर साधारण १२ असतो, म्हणजे आयएसओ १०० आणि एफ/४ ला उजेड ३ मीटर पोचतो. सभागृहात मागच्या खुर्चीवरून फ्लॅश मारला की पुढच्या रांगेतली डोकी उजळतात आणि स्टेज अंधारात राहतं. फ्लॅशच्या फोटोत खाली अर्धवर्तुळाकार सावली येत असेल तर लेन्सच्या तोंडावरचं गोल हूड काढा.

मंडपातल्या एलईडीखाली आडवे काळे पट्टे येतात, तेव्हा सेन्सर गेला म्हणून घाबरू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, आणि मिररलेसवर आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर ते बंद करून मेकॅनिकल लावा. हळदीच्या फोटोंची गोष्ट वेगळी. फ्रेमभर पिवळा बघून ऑटो व्हाइट बॅलन्स तो पिवळाच कमी करायला जातो. उन्हात असाल तर सूर्याचं चित्र असलेला पर्याय निवडा, हळद हळदीसारखी येईल.

बटणच दाबलं जात नाही

लेन्सवरची एएफ-एमएफ (ऑटो-मॅन्युअल फोकस) पट्टी बघा, ती एएफवर हवी. मग तुम्ही फार जवळ तर नाही ना, ते बघा. १८-५५ ची नेहमीची लेन्स साधारण २५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. काही लेन्स मिटून ठेवायच्या असतात, त्या फिरवून उघडाव्या लागतात. कार्डाच्या कडेची छोटी पट्टी 'लॉक'कडे सरकली असेल तर ती परत सरकवा.

याहून वाईट म्हणजे बटण दाबलं जातं, आवाज येतो, पण आत कार्डच नसतं. 'कार्डाशिवाय शटर' असा पर्याय मेनूत असतो, तो आजच बंद करा. एका मैत्रिणीच्या मुलीच्या बारशाचे फोटो असे गेले. त्या दिवशीचं तिचं तोंड मला अजून आठवतं. फोटो चुकून पुसले गेले, तर ते कार्ड लगेच बाहेर काढा आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नका. वर नवं लिहिलं गेलं नसेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरेच फोटो परत मिळतात. कार्ड फॉरमॅट करायचं ते कॅमेऱ्यातच, संगणकात नाही, आणि फोटो दोन ठिकाणी उतरवून घेतल्यावरच.

जिथे खरंच दुरुस्तीवाल्याकडे जावं लागतं

निळ्या आभाळात दर फोटोत त्याच जागी काळा ठिपका दिसला तर ती सेन्सरवरची धूळ. एफ/१६ ला ती ठळक दिसते, एफ/४ ला जवळजवळ नाही. रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण चिकटतात.

बुरशीचं मात्र घरी काही करता येत नाही, म्हणून तिला येऊच देऊ नका. कोकणात, गोव्यात, मुंबईत जूनपासून हवा ओलीच असते आणि चामडी केसमध्ये कपाटात ठेवलेली लेन्स गणपतीत बाहेर काढावी तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. लेन्समधून टॉर्चचा उजेड टाकला की ते दिसतात. कॅमेरा केसमधून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहील असं बघा. तांदळात ठेवू नका, त्याचा कोंडा फटींत जातो. एसी गाडीतून उतरून दमट हवेत जायचं असेल तर बॅग अर्धा तास बंदच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरेल. आणि धागे दिसलेच तर ती लेन्स बाकीच्या लेन्सपासून वेगळी काढा आणि त्याच आठवड्यात दुरुस्तीला द्या. बुरशी काचेवरचा लेप खाऊ लागली की साफ केल्यावरही डाग राहतो.