रोबोटचं माप आणि हद्द: गावातूनच तपासून निघा

डब्ल्यूआरओ (वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड) या रोबोट स्पर्धेच्या रोबोमिशन गटात सुरुवातीला रोबोट 250 × 250 × 250 मिलिमीटरमध्ये बसावा लागतो आणि लोंबत्या वायरीही त्यातच धरतात. एफटीसी (फर्स्ट टेक चॅलेंज) या दुसऱ्या रोबोट स्पर्धेत हीच मर्यादा तिन्ही बाजूंनी 18 इंच, म्हणजे 457 मिमी. यवतमाळ-गडचिरोलीच्या गावातून पहाटेची एसटी धरून स्पर्धेला जायचं आणि तिथे दोन मिलिमीटरसाठी रोबोट उकलत बसायचं, ही पाळी पोरांवर येऊ देऊ नका. शाळेतच मापपेटी करा.

12 मिमी प्लायवूडचे पाच तुकडे लागतात: दोन 250 × 250, दोन 274 × 250 आणि झाकणाला 274 × 274. तळ नको, पेटी वरून रोबोटवर घालायची. लहान फळ्या लांब फळ्यांच्या मध्ये, कडेला कड जुळवून बसतात. गफलत होते ती इथेच. 12 म्हणून घेतलेलं प्लायवूड साडेअकरा भरलं, तर आतलं एक माप 251 होतं, दुसरं 250च राहतं. रोबोट एका बाजूने सरकन आत जातो, पाव फेरी फिरवला की अडतो. म्हणून सुताराकडे कापण्याआधी चार तुकडे एकावर एक ठेवून जाडी मोजा, चाराने भागा आणि लांब फळी 250 अधिक दोन जाड्या एवढीच कापा. खिळे पक्के ठोकण्याआधी आतले दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 353 ते 354 मिमीच्या दरम्यान हवेत. एमडीएफ घेऊ नका, पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात.

रोबोट मात्र 245 धरूनच बांधा. तपासताना स्विच बंद ठेवा: नुसत्या सर्व्होच्या (ठरावीक कोनात फिरून थांबणाऱ्या मोटरच्या) जोरावर उभा राहिलेला हात वीज जाताच खाली येतो आणि पेटीबाहेर डोकावतो. त्याला रबर किंवा खटका द्या. झिप टायची शेपटं मुळाशी कापा. एसटीच्या हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात, तेव्हा उतरल्यावर पुन्हा पेटी घाला.

सुरुवातीच्या चौकोनासाठी नियमपुस्तकात 'प्रोजेक्शन' शब्द शोधा. तो असेल तर चाकं आत असून भागत नाही, वरचा प्रत्येक भाग रेषेच्या आत हवा. गवंड्याचा ओळंबा रोबोटच्या सगळ्यात पुढे आलेल्या टोकापासून सोडा, लगेच कळतं.

मिनी सुमोत, म्हणजे रोबोटांनी एकमेकांना रिंगणाबाहेर ढकलायच्या स्पर्धेत, रोबोट 10 × 10 सेंमी आणि 500 ग्रॅमपर्यंत, उंचीला बंधन नाही. रिंगण 77 सेंमी व्यासाचं, काळं, कडेला 2.5 सेंमी पांढरा पट्टा. सरावाचं रिंगण आखताना खिळ्याला दोरा बांधून 38.5 आणि 36 सेंमी त्रिज्येची दोन वर्तुळं काढा. सेकंदाला 60 सेंमी धावणारा रोबोट हा पट्टा सुमारे 42 मिलिसेकंदांत ओलांडतो. प्रोग्रॅममध्ये 100 मिलिसेकंदांचा डिले (थांबा) असेल तर तेवढ्यात तो 6 सेंमी पुढे गेलेला असतो, म्हणजे रिंगणाबाहेर. डिले काढा, प्रत्येक फेरीत कडेचे सेन्सर वाचा. हे सेन्सर अवरक्त किरणांवर चालतात आणि उन्हातही ते किरण असतात, त्यामुळे व्हरांड्यात जुळवलेले आकडे सभागृहात चुकतात. काळ्या-पांढऱ्याचं वाचन स्पर्धेच्या जागीच पुन्हा घ्या.