मागचे चाक धरून ठेवणारा ब्रेक : दोष शोधण्याची आणि काढण्याची रीत

खानापूर तालुक्यातल्या तांबड्या चिखलातून पावसाळाभर ये-जा करणाऱ्या, किंवा हँडब्रेक ओढून आठ-पंधरा दिवस अंगणात भिजत उभ्या राहिलेल्या मोटारीचा मागचा ब्रेक पुष्कळदा सुटतच नाही. गाडी जड चालते, हलक्या उतारावर न्यूट्रलमध्ये आपणहून सरकत नाही आणि चाकाजवळ करपट वास येतो. येथे मागे ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यासारख्या ड्रमवर आतून लायनर, म्हणजे घर्षणपट्टी लावलेले अर्धगोल भाग, दाबून थांबवणारा ब्रेक) असलेल्या छोट्या मोटारींचाच विचार केला आहे.

तपासणी चोर्ला घाट उतरल्यावर करू नये, कारण तेथे चारही ब्रेक तापलेले असतात. सपाट रस्त्यावर ब्रेक शक्य तितका कमी वापरून आठ-दहा किलोमीटर गाडी चालवावी आणि थांबल्यावर तळहात रिमला न लावता जवळ धरून दोन्ही मागच्या चाकांची धग ताडून पाहावी. एकच चाक तापले असेल, तर दोष बहुधा त्याच बाजूला असतो. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतण्याची सवय वाईट आहे; त्याने ड्रमला तडा जाऊ शकतो.

ड्रम निवल्यावर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, मागची बाजू उचलून स्टँडवर टेकवावी, हँडब्रेक पूर्ण खाली करावा आणि चाक हाताने फिरवून पाहावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये.

चाक धरते ते केबल, ब्रेक ऑइलचा दाब की ड्रमच्या आतले भाग, हे ठरवल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नये. त्यासाठी प्रथम हँडब्रेकच्या केबलचा ॲडजस्टिंग नट सैल करावा. चाक मोकळे झाले, तर केबल आवरणात गंजून अडकली आहे किंवा कोणीतरी ती गरजेपेक्षा जास्त ताणली आहे. अडकलेल्या केबलमध्ये वंगणाचे ऑइल सोडले, तर ती काही दिवस चालते, पण बदलणेच शहाणपणाचे.

केबल सैल करूनही चाक धरत असेल, तर व्हील सिलिंडरचा (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणाऱ्या, चाकाजवळच्या सिलिंडरचा) ब्लीडर निपल, म्हणजे हवा काढण्याचा छोटा स्क्रू, किंचित उघडावा. ऑइल जोराने बाहेर येऊन चाक सुटले, तर दाब मागे परतत नव्हता, असा अर्थ होतो. रबरी होज (ब्रेक ऑइलची लवचीक नळी) आतून फुगला, की पेडलच्या जोराने ऑइल पुढे जाते, मात्र परत येत नाही, आणि बाहेरून होज अगदी धडधाकट दिसतो. निपल बंद करून पेडल पुन्हा दाबावे व सोडावे, मग होजच्या अलीकडचा, म्हणजे पेडलच्या बाजूचा, लोखंडी नळीचा जोड सैल करावा. तेवढ्याने चाक सुटले, तर दोष आणखी मागे, मास्टर सिलिंडरकडे (पेडलने ऑइलचा दाब तयार करणाऱ्या मुख्य सिलिंडरकडे) शोधावा, आणि न सुटल्यास होज बदलावा.

निपल उघडूनही चाक जाम राहिले, तर ड्रम काढावा लागतो. तो निघत नसल्यास ॲडजस्टर (लायनर ड्रमच्या जवळ ठेवणारा भाग) मागे घ्यावा. अनेक ड्रमवर आटे असलेली दोन छिद्रे असतात, त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळावेत. आतली धूळ हवेने किंवा तोंडाने फुंकू नये, ब्रेक क्लीनरने भिजवून पुसावी. व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलल्यावर आत ओल किंवा गंज दिसला, तर सिलिंडर बदलावा. लायनर ज्या ठिकाणी मागच्या पत्र्यावर घासत सरकतात, तेथे खाचा पडलेल्या असतात आणि लायनर त्यांतच अडकून बसतात. या दोषाकडे फारसे कोणी पाहत नाही. खाचा घासून सपाट कराव्यात आणि तेथे उष्णता सोसणारे ग्रीस अगदी पातळ लावावे, लायनरच्या घर्षणाच्या बाजूला मात्र त्याचा कणही लागू देऊ नये. सैल पडलेल्या स्प्रिंगा दोन्ही बाजूंच्या एकदमच बदलाव्यात. ड्रमला धार आली असेल, तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर तो तासून घेता येतो, परंतु त्यावर कोरलेल्या कमाल व्यासाची मर्यादा ओलांडू नये.

जुळवणी करताना आधी लायनर आणि मगच केबल ॲडजस्ट करावी. क्रम उलटला, तर ब्रेक पुन्हा धरू लागतो. ऑइलची नळी किंवा निपल उघडला असल्यास हवा काढून, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या टोपणावर लिहिलेल्या प्रतीचेच ताजे ऑइल भरावे. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावावा आणि हँडब्रेक सोडून द्यावा.