‘सर, ते साप खातात ना?’ : मुलांना आशिया शिकवताना या चुका टाळा

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या शाळेत काही वर्षांपूर्वी एका जपानी शाळेशी व्हिडिओ कॉल जमवला होता. आपले साडेनऊ म्हणजे त्यांची दुपारची एक. आमची प्रार्थना आटोपलेली, प्रोजेक्टर लागलेला, इंटरनेटही त्या दिवशी शहाण्यासारखं वागत होतं. मुख्याध्यापिका पुढच्या बाकावर येऊन बसल्या. आणि आठवीतल्या आमच्या हुशार पोराने पहिलाच प्रश्न टाकला, ‘तुम्ही साप खाता का?’ तिकडच्या दुभाषी शिक्षिका जरा थबकल्या. मग एका मुलीने हसून उलट विचारलं, ‘नाही. तुम्ही खाता?’

त्या रात्री मला झोप लागली नाही. पोराची काही चूक नव्हती. महिनाभर मी ‘पूर्व आशियाची वैशिष्ट्ये’ शिकवली होती, त्यातून त्याच्या डोक्यात जे उरलं तेच त्याने विचारलं. त्यानंतर मी माझ्याच चुका वहीत लिहायला लागलो. त्यातल्या काही इथे देतो.

विचित्र वाटेल तिथून सुरुवात करणं

वर्ग जागा ठेवायचा तर ‘ऐका हं, तिथे काय काय खातात’ हे सोपं पडतं. पोरं खिदळतात, तास रंगतो, आणि समोरचा माणूस कायमचा ‘विचित्र’ होऊन बसतो. तिसऱ्या, खुबे, शिणाण्या असले शिंपले चोखून खाणाऱ्या गावात बसून आपण दुसऱ्याच्या ताटाला नाक मुरडतो हे मला फार उशिरा सुचलं. माझ्याच वर्गात बेळगावकडची एक मुलगी होती, तिला तिसऱ्यांचं सुकं बघून ढवळायचं. तिला विचारलं असतं तर गोव्याच्या ‘विचित्र’ गोष्टींची यादी तिने दिली असती.

आता मी पावापासून सुरुवात करतो. खरंच एक पाव घेऊन वर्गात जातो. पोदेराचा, म्हणजे आमच्या गावच्या पाववाल्याचा पाव, सकाळचा. जपानीत पावाला काय म्हणतात? ‘पान’. हा शब्द त्यांच्याकडे आणि आपल्याकडे एकाच पोर्तुगीज शब्दातून आला. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, 1511 मध्ये मलाक्का, 1557 च्या सुमारास ते मकावमध्ये स्थिरावले आणि 1571 पासून नागासाकीला त्यांची गलबतं नेमाने लागू लागली. हे सनावळीचं ओझं फळ्यावर लिहिलं तर कोणी वर बघत नाही. पाव फिरवत सांगितलं तर पोरं नकाशावर बोट ठेवून वाट शोधतात.

मग इंडोनेशियन भाषेतले शब्द लिहितो आणि गप्प बसतो. जेंदेला. मेजा. सेपातू. सेकोलाह. एका मिनिटाच्या आत कुणीतरी ओरडतंच, ‘सर, हें आमचें उतर न्हय?’ (हा आमचाच शब्द ना?) जनेल, मेज, सपाता, इस्कोल. त्याच यादीखाली ‘गुरु’ आणि ‘बाहासा’ लिहायचं. बाहासा म्हणजे आपली भाषा. तिथे मुख्याध्यापकांना म्हणतात ‘केपाला सेकोलाह’. पहिला शब्द संस्कृतातल्या कपालावरून, दुसरा पोर्तुगीजमधून. म्हणजे हेडमास्तरांचं डोकं भारतातून गेलं आणि शाळा लिस्बनहून, असं मी सांगतो. मुख्याध्यापिकांना हा विनोद आवडलेला नाही.

‘हे सगळं आपल्याकडूनच गेलं’

विचित्रपणाच्या उलट टोकाची चूक, आणि मराठी शिक्षकाला जास्त मोह पाडणारी. थायलंडमध्ये रामायण आहे, जावात प्रंबाननचं नवव्या शतकातलं देऊळ आहे, जपानमध्ये सरस्वती बेन्झाइतेन होऊन बसली आहे. सगळं खरं. पण हे सांगताना सूर असा लागतो की त्या लोकांनी स्वतः काही केलंच नाही, आपलं पार्सल सोडून घेतलं फक्त.

यावर एकच उपाय चालतो. ‘काय गेलं’ यानंतर लगेच ‘तिथे गेल्यावर काय बदललं’ हे विचारायचं. थाई ‘रामकियेन’मधला हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला रंगेल आहे, त्याची प्रेमप्रकरणं आहेत. हे ऐकून वर्गात एकदम शांतता पसरते. मारुतीच्या देवळात दर शनिवारी जाणारा एक मुलगा माझ्यावर रागावलाही होता. त्याला मी आमच्या सत्तरी तालुक्यातल्या रणमाल्याची, रामकथेवरच्या लोकनाट्याची, आठवण दिली. रामकथा तिथेही आपल्या अंगणाच्या मापाची करूनच नाचवतात. जावातले वायांगचे, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांचे खेळ करणारे कितीतरी कलाकार मुसलमान आहेत. ते रामायण रात्रभर रंगवतात, आणि त्यात त्यांना काही विरोध वाटत नाही. इथे मी भाष्य करत नाही. पोरं आपसात बोलतात तेवढं पुरतं.

संक्रांतीचंही तसंच. थायलंडचा ‘सोंगक्रान’ हा शब्द आपल्या संक्रांतीचाच. पण आपली मकर संक्रांत जानेवारीत, तिळगूळ घेऊन येणारी. त्यांची मेष संक्रांत, 13 एप्रिलपासून, भर उन्हाळ्यात एकमेकांवर पाणी ओतत साजरी होणारी. तेच त्यांचं नववर्ष. 2023 मध्ये युनेस्कोने त्याची नोंद घेतली. एकच शब्द, आणि सण वेगळा. ‘त्यांची संक्रांत आपल्यासारखीच’ असं म्हणून टाकलं की शिकवायचं ते सगळं हातातून निसटतं.

एका दिवसाचा आशिया

‘आशिया दिन’ आम्हीही केला. कागदी कंदील, नूडल्स, आणि एका मुलीला मावशीच्या गाऊनचा किमोनो. फोटो छान आले. नंतर जपानमध्ये राहून आलेल्या एका ओळखीच्या बाईंनी फोटो बघितला आणि हळूच म्हणाल्या, ‘सर, पदर उलटा झालाय. डावी बाजू उजवीवर यायला हवी. उजवी वर घेतात ती मयताला.’ त्याच फोटोत मागे भाताच्या वाटीत दोन काड्या उभ्या खोचलेल्या होत्या, सजावट म्हणून. जपानमध्ये तसा भात मृतापुढे ठेवतात. आपल्या वाढदिवसाच्या फोटोत कोणी पिंड मांडून ठेवावा तसं झालं होतं.

वेश करूच नये असं माझं म्हणणं नाही. पण दिवसभरात दहा देश उरकण्यापेक्षा एक वस्तू घ्यावी आणि आठवडाभर तिच्याशी झटावं. किमोनो घेतलात तर तो कसा नेसतात, कधी नेसतात, आजची जपानी मुलगी शाळेत काय घालते, इथपर्यंत जावं. तिच्या घरी किमोनो बहुधा आजीच्या कपाटात असतो, आपल्याकडे नऊवारी असते तसा.

आशिया म्हणजे फक्त चीन-जपान

ही चूक पाठ्यपुस्तकापेक्षा टीव्हीची जास्त. कोरियन मालिकांमुळे आता कोरियाही यादीत आलाय, मुली मला त्यातले शब्द शिकवतात. पण अरब, इराणी, तुर्क, उझबेक ‘आशियाई’ आहेत हे मुलांना पटत नाही. गोव्यात तर हे फारच गमतीचं. वर्गातल्या कितीजणांचा बाप, काका, आजोबा कुवेत-मस्कतला राबून आलेला असतो. 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा हातातली बॅग घेऊन परतलेली माणसं आपल्या गावांत आहेत. त्यांना बोलवा. आमच्याकडे एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी कुवेतमधल्या रमजानच्या संध्याकाळी सांगितल्या, पाऊण तास. माझ्या सहा तासांपेक्षा ते वर्गाला जास्त आठवतं.

कौतुकाची काठी

‘बघा, जपानी मुलं स्वतःचा वर्ग झाडतात!’ हे मीही म्हटलंय, झाडू हातात देताना. जपानी शाळांत मुलं सफाई करतात हे खरं आहे. पण ज्या देशाचं नाव मुलांना रागावण्यासाठीच निघतं, त्या देशाचा मुलांना कंटाळा येतो. शिवाय ‘शिस्तप्रिय जपानी’, ‘कष्टाळू चिनी’ हेही छापच आहेत, जरा गोड शाईतले. आपल्या जुन्या मराठी शाळांत मुलं शनिवारी शेणाने जमीन सारवायची, ते काही जपानकडून शिकली नव्हती.

वर्गातला आशिया न दिसणं

मला सर्वांत जास्त लाज वाटते ती या चुकीची. आमच्या वर्गात एक नेपाळी मुलगा होता. बाप हॉटेलात स्वयंपाकी. नेपाळचा धडा आला तेव्हा मी त्याला मोठ्या उत्साहाने उभं केलं, ‘सांग बघू तुमच्या देशाबद्दल!’ तो गप्प. मग म्हणाला, ‘सर, हांव म्हापशां जल्मलां.’ म्हणजे, मी इथे गोव्यात, म्हापशातच जन्मलो. नेपाळ त्याने दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा लग्नाला. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘बहादूर’ म्हटलं आणि मी ते ऐकलं नाही असं केलं.

मुलाला देशाचा प्रतिनिधी करू नका. त्याला स्वतःहून सांगावंसं वाटलं तर दार उघडं ठेवा, एवढंच. आणि मागच्या बाकावरचा शब्द ऐकू आला तर तास तिथेच थांबवा. ‘चिंकी’ असो, ‘बहादूर’ असो, की आपल्या तोंडात सहज बसलेला ‘घाटी’ असो. टोकियोबद्दल आदर आणि बाजूच्या बाकावरच्या मुलाला टोपणनाव, हे एका वर्गात एकत्र नांदताना मी पाहिलंय.

काही लहान अडचणी

नावांवरून हसू फुटतं. तेव्हा आडनाव आधी का येतं हे सांगा: चीन, कोरिया, जपानमध्ये कुळाचं नाव पुढे. इंडोनेशियात कित्येकांना आडनावच नसतं. त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो, हे त्यांचं पूर्ण नाव. मग मुलांना आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असलेला बोर्डाचा फॉर्म सुकार्नोंच्या वतीने भरायला द्या. हसू आपोआप स्वतःच्या फॉर्मकडे वळतं.

चिनी राशींचा तक्ता लावलात तर व्हिएतनामचाही लावा. तिथे सशाच्या जागी मांजर आहे. ‘चिनी म्हणजे सगळे सारखेच’ हे मोडायला तेवढं मांजर पुरतं.

गोव्यात एक प्रश्न हमखास अडतो, तो सायबाचा. सायब म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, ख्रिस्ती धर्मप्रसारक. ते 1542 मध्ये गोव्यात आले, 1549 मध्ये जपानला पोचले, 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. त्यांच्याबरोबर जपानला गेलेला आंजिरो हा जपानी माणूस गोव्यातच शिकला होता, 1548 मध्ये इथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. तो शिकला त्या सेंट पॉल कॉलेजची उरलेली कमान दाखवायला मी मुलांना जुन्या गोव्यात नेतो. वर्गात काहींच्या घरी सायबाची तसबीर असते, काहींच्या घरी धर्मांतराच्या आणि इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, आठवणी पिढ्यान्पिढ्या सांगितल्या जातात. दोन्ही टाळून पुढे गेलं तर मुलं शाळेबाहेर कुणाकडून तरी अर्धंच ऐकतात. म्हणून मी नागासाकीहून 1582 मध्ये रोमला निघालेल्या चार जपानी मुलांची गोष्ट सांगतो. साधारण आमच्या आठवीच्या वयाची पोरं, जाता-येता गोव्यात थांबलेली. परतल्यावर त्यांच्या देशात त्यांच्या धर्मावर बंदी आली. त्यांपैकी एकाने धर्म सोडला, एक मकावमध्ये वारला, एकाला 1633 मध्ये ठार मारलं. कोण बरोबर, कोण चूक, हे मुलं विचारतात. मी त्यांना चौघांपैकी एकाच्या वतीने आईला पत्र लिहायला सांगतो.

दुसऱ्या वर्षी जपानी शाळेचा कॉल पुन्हा जमला. यावेळी प्रश्न आधी लिहून घेतले, आणि हाच प्रश्न आपल्याला कुणी विचारला तर कसं वाटेल, असं प्रत्येकावर मुलांनीच बघून घेतलं. निम्मे प्रश्न गळाले. साप विचारणारा पोरगा आता नववीत होता. त्याने विचारलं, ‘तुम्ही पावात काय घालून खाता?’ तिकडे एकदम गलका. अझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण घातलेला आनपान, नूडल्स भरलेला पाव, कुणाला करी भरून तळलेला. मग त्यांनी विचारलं, ‘आणि तुम्ही?’

आमच्या बाजूने एकाच वेळी ‘भाजी!’ आलं. पण कोणती, यावरून लगेच दोन तट पडले. पातळ भाजी म्हणणारे एकीकडे, तोंडाक, म्हणजे कडधान्याचं रस्सेदार कालवण, म्हणणारे दुसरीकडे, मध्ये सुकी भाजीवाली एक मुलगी एकटीच लढत होती. पडद्यावरच्या शिक्षिका पेन्सिल घेऊन थांबल्या होत्या, यातलं नेमकं काय भाषांतर करायचं ते विचारत.