रीफ टँकमधलं शेवाळ: औषधाची बाटली उघडण्याआधी या चुका टाळा

टँकमध्ये शेवाळ दिसलं की सल्ला ठरलेला असतो: पाणी बदला, खाणं कमी करा, लाइटचे तास घटवा. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये एवढ्यावर बरंच निभावतं. रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, मात्र याच सल्ल्याने एक शेवाळ हटतं आणि दुसरं माजतं. म्हणून आधी समोर नेमकं काय उगवलंय ते ओळखा, इलाजाचं नंतर बघू.

तपकिरी दिसलं की सगळं एकच समजणं

नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटी बसते, हात लागला की उडते. हे डायटम. पाण्यातलं सिलिकेट संपलं की ते आपसूक जातात. त्यांच्यापायी एक रुपयाही खर्च करू नका.

लालसर-जांभळा बुळबुळीत पापुद्रा सायफनने ओढल्यावर सलग निघून येत असेल तर ते सायनो (सायनोबॅक्टेरिया). खरं तर हे शेवाळ नव्हेच, प्रकाशावर जगणारे जिवाणू आहेत. प्रवाह पोचत नाही आणि घाण साचते अशा कोपऱ्यात ते पहिल्यांदा पसरतात. आधी वेव्हमेकरची (प्रवाह करणाऱ्या पंपाची) दिशा बदला, वाळू सायफन करा. अँटिबायोटिक टाकलं की सायनो झटपट मरतं, पण त्यानंतर पाण्यातला ऑक्सिजन घसरतो, म्हणून एअर स्टोन चालू ठेवावा लागतो. आणि तो कोपरा तसाच प्रवाहाविना राहिला तर सायनो परत येतंच.

खरी फसगत होते ती डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशी जिवांच्या, म्हणजे डायनोंच्या बाबतीत. चिकट, शेंबडासारखे तपकिरी दोरे आणि त्यांच्या टोकांना अडकलेले हवेचे बुडबुडे. सकाळी लाइट लागायच्या आधी टँक बऱ्यापैकी स्वच्छ, संध्याकाळपर्यंत पुन्हा सगळं माखलेलं. काही जाती विषारी असतात. गोगलगायी पटापट मरायला लागल्या तर संशय पक्का धरा. घरच्या घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. तो चिकट गोळा टँकच्याच पाण्यासकट छोट्या बरणीत घ्या, झाकण लावून जोरात हलवा आणि कॉफी फिल्टरमधून गाळा. खाली आलेलं स्वच्छ पाणी तासभर लाइटखाली ठेवा. त्यात पुन्हा दोरे जुळून आले तर ते बहुधा डायनोच. मायक्रोस्कोप मिळाला तर उत्तमच, कारण पुढचा इलाज जातीवर ठरतो.

शून्य नायट्रेट, शून्य फॉस्फेट म्हणजे स्वच्छ टँक, हा समज

माझ्या मते रीफच्या छंदातला हा सगळ्यात महागडा गैरसमज आहे. दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ बोटभर वाढलेलं असतं आणि टेस्ट किट फॉस्फेट शून्य दाखवतं. किट खोटं बोलत नाही. पाण्यात आलेलं फॉस्फेट शेवाळाने आधीच ओढून घेतलेलं असतं, मापायला उरलेलं नसतं.

उलट बाजूही तितकीच वाईट. घाबरून एकदम भरपूर जीएफओ (फॉस्फेट शोषणारे दाणे) लावलं, खाणं तोडलं, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही खरोखर तळाला नेले, की डायनोंशी स्पर्धा करणारं टँकमध्ये कुणी उरत नाही आणि मैदान त्यांना मोकळं मिळतं. कोरलही फिके पडतात. नायट्रेट साधारण 5 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम या दरम्यान ठेवावं. डायनो असतील तर वॉटर चेंज थांबवा, जीएफओ काढा आणि गरज पडल्यास नायट्रेट-फॉस्फेट चक्क बाहेरून घाला. ऐकायला उफराटं वाटतं, पण उपाय हाच आहे. ऑस्ट्रिऑप्सिस जातीचे डायनो रात्री पाण्यात तरंगत येतात, म्हणून त्यांच्यावर यूव्ही (पाणी ज्यातून फिरतं तो अतिनील दिवा) चालतो. मोठ्या पेशींचे अँफिडिनियम वाळूतच दडून बसतात, तिथे यूव्हीचा उपयोग जवळजवळ नाही. त्यांच्याशी स्पर्धा व्हावी म्हणून लोक मुद्दाम सिलिकेट घालून डायटम वाढवतात.

घरच्या प्यायच्या आरओचं पाणी

आपल्याकडे ही चूक फार. प्यायच्या आरओमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. ते शुद्ध झालेल्या पाण्यात पुन्हा क्षार मिसळतं. माणसाला चालतं, रीफला नाही. मेम्ब्रेननंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) हवं आणि टीडीएस पेनवर शून्य दिसायला हवं. तेवढ्यावरही निर्धास्त राहू नका: रेझिन संपत आलं की सिलिका सगळ्यात आधी निसटते, आणि ती टीडीएस पेनवर दिसत नाही. म्हणून रेझिन थोडं लवकरच बदला.

चिलर परवडत नाही म्हणून एप्रिल-मे महिन्यांत टँकवर पंखा लावणाऱ्यांनी तर याकडे जास्तच लक्ष द्यावं. पंख्याने पाणी भराभर उडतं, रोज टॉप-अप करावं लागतं. उडतं ते निव्वळ पाणी. टॉप-अपबरोबर आलेलं फॉस्फेट आणि सिलिकेट मात्र टँकमध्येच साचत जातं.

टँकच्या आतच ब्रश मारणं

पंप चालू असताना केसाळ शेवाळ घासलं की त्याचे तुकडे घरभर पाहुण्यांसारखे पसरतात. दगड सुटा असेल तर वॉटर चेंजच्या वेळी काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत घ्या, टूथब्रशने घासा, त्याच पाण्यात खळबळून परत ठेवा. नळाखाली धरू नका, क्लोरीनने दगडावरचे उपयोगी जिवाणू मरतात. गुलाबी-जांभळा कडक थर म्हणजे कोरलाइन, तो राहू द्या.

हिरव्या काचेच्या गोट्यांसारखी व्हॅलोनिया फोडू नये. सायफनची नळी अगदी शेजारी धरून बुडातून अलगद सुटी करायची आणि ओढून घ्यायची.

गोगलगायी आणि माशांवर सगळं सोपवणं

लांब वाढलेलं शेवाळ गोगलगायी सहसा खात नाहीत. आधी हाताने उपटून खुरटं करा, मग त्या कामाला लागतात. उलटी पडलेली ट्रोकस गोगलगाय स्वतः सरळ होते, अ‍ॅस्ट्रियाला ते जमत नाही, ती हातानेच सरळ करावी लागते. दोन फुटी टँकमध्ये शेवाळासाठी यलो टँग आणणं मात्र माशावर अन्याय आहे, दुकानदार काहीही म्हणो.

फ्लुकोनॅझोलची घाई

केसाळ वाटणारं शेवाळ भिंगाखाली बघा. मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी पिसासारखे फाटे असतील तर ते ब्रायोप्सिस. ते उपटून संपत नाही, गोगलगायी फारशा शिवत नाहीत. तिथे फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाला अर्थ आहे. रीफमध्ये गॅलनला 20 मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला साधारण 5 मिलिग्रॅम हे प्रमाण रूढ आहे. दगड आणि वाळूची जागा वजा करून, सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी) धरून खरं पाणी मोजा, कार्बन आणि यूव्ही बंद ठेवा. असर दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी दुसरा डोस टाकू नका. शेवाळ मरू लागलं की त्यातलं फॉस्फेट पाण्यात उतरतं, तेव्हा मेलेला भाग रोज सायफन करा. सायनो किंवा डायनोंवर हे औषध चालत नाही.

उपटलेलं शेवाळ, विशेषतः सम्पमधलं कॉलर्पा, खाडीत किंवा समुद्रात टाकू नका. टँकमधल्या कॉलर्पा टॅक्सिफोलियाची जात 1984 मध्ये मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात आढळली आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने पसरत गेली. कॅलिफोर्नियात 2000 मध्ये ती एका खाजणात सापडली, ती पूर्ण नाहीशी झाल्याचं जाहीर व्हायला 2006 उजाडलं. उन्हात कडकडीत वाळवा आणि कचऱ्यात टाका.