रिकाम्या कॅनची लगोरी

लगोरीसाठी लागणारे सात चपटे दगड शहरातल्या सोसायटीच्या आवारात सहसा मिळत नाहीत. मात्र पार्टी रंगात आली की शीतपेयांचे रिकामे कॅन हवे तेवढे साचतात आणि सात कॅन, एक चेंडू व दोन गट एवढ्यावर खेळ उभा राहतो.

कॅन एकाच आकाराचे निवडावेत. कॅनच्या तळाची कड झाकणाच्या कडेपेक्षा किंचित लहान असते, त्यामुळे एकाच्या माथ्यावर दुसरा नीट बसतो. जाड व सडपातळ कॅन एकत्र केल्यास हा मेळ बसत नाही. उघडताना वर आलेली कडी बोटाने दाबून सपाट करावी, नाहीतर वरचा कॅन डुगडुगतो. कॅन आतून विसळून घ्यावेत आणि तोंडाची धार बोटांना लागू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावावी.

खरी अडचण वजनाची आहे. ३३० मिलीलिटरचा रिकामा कॅन जेमतेम १५ ग्रॅमचा असतो आणि अशा सात कॅनची उतरंड पाऊण मीटरहून उंच होते, म्हणजे गच्चीवरचा वारादेखील चेंडूच्या आधी आपले काम करून जातो. यावर उपाय म्हणून खालच्या तीन कॅनमध्ये मूठमूठभर कोरडी रेती भरून त्यांची तोंडे पक्की बंद करावीत आणि वरचे चार रिकामेच ठेवावेत. दगडांच्या लगोरीत मोठा दगड तळाशी असतो, तेच येथे वजनाने साधते. जड कॅनवर रंगीत पट्टी चिकटवल्यास घाईगर्दीत ते चटकन ओळखू येतात. सगळेच कॅन जड करू नयेत. रिकामे कॅन खणखणत चहूकडे उडतात आणि ते गोळा करताना होणारी तारांबळ हीच या खेळाची गंमत आहे.

घरात मोज्यांचा गुंडाळलेला चेंडू घेऊन चार-पाच पावलांवरून, तर मैदानात टेनिसचा चेंडू घेऊन त्याच्या दुपटीने लांबून नेम धरावा. प्रत्येकाला तीन संधी द्याव्यात. फेकलेला चेंडू उतरंडीला लागून उडाला आणि समोरच्या गटाने तो टप्पा पडण्यापूर्वी झेलला, तर फेकणारा बाद होतो. लगोरी फुटली की फोडणारा गट ती पुन्हा रचतो आणि दुसरा गट चेंडू मारून त्यांना बाद करू पाहतो. चेंडू कमरेखालीच मारावा, आणि तो हातात घेऊन धावू न देता एकमेकांकडे फेकायला लावावा, म्हणजे धावण्यात कमी पडणारी लहान मुलेही खेळात राहतात. सातवा कॅन चढवून ‘लगोरी!’ अशी आरोळी दिली की गुण मिळतो. जड कॅन वर आणि हलका खाली लागला असेल, तर तो गुण धरू नये.

फरशीवर आवाज फार होतो, म्हणून रात्री खेळताना खाली सतरंजी अंथरावी. चेपलेला किंवा फाटलेला कॅन लगेच बदलावा, कारण ॲल्युमिनियमचा फाटलेला पत्रा पात्यासारखा कापतो. शेवटी रेती काढून सर्व कॅन भंगारवाल्याकडे द्यावेत.