गोदाघाटाचा आवाज ५.१ मध्ये बसवताना

नाशिकच्या रामकुंडाच्या पायऱ्यांवर सकाळी सहा वाजता कॅमेरा लावला, तर चौकटीत पाणी, स्नान करणारे भाविक आणि पलीकडचा काठ एवढेच येते. पण त्याच वेळी पाठीमागे पिंडदानाचे मंत्र चाललेले असतात, चढावरून कपालेश्वराची घंटा ऐकू येते आणि मध्येच कबुतरांचा थवा फडफडत उठतो. स्टिरिओमध्ये हे सगळे चौकटीच्या आतच दाटीने बसवावे लागते. ५.१ ध्वनीत प्रत्येकाला त्याची जागा देता येते. घाटावरच्या अशाच एका लघुपटासाठी डाव्हिंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये ते काम कसे करावे, हे येथे सांगतो.

५.१ म्हणजे सहा चॅनेल: पुढचा डावा, पुढचा उजवा, मध्य, मागचा डावा, मागचा उजवा आणि एलएफई, म्हणजे सबवूफरवर वाजणारा खास खर्जाचा चॅनेल. यांपैकी एलएफईवर साधारण १२० हर्ट्झपर्यंतचे खर्जाचे आवाजच असतात, म्हणून त्याची गणती '.१' अशी होते.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी खोली मांडून घ्यावी. त्यासाठी एक दोरी पुरते. बसण्याच्या जागेपासून पाचही स्पीकर समान अंतरावर हवेत. समजा हे अंतर दीड मीटर ठेवले, तर पुढच्या डाव्या आणि उजव्या स्पीकरमधले अंतरही दीड मीटरच येते, कारण दोघेही मध्यरेषेपासून ३० अंशांवर असतात. मागचे स्पीकर अगदी पाठीशी ठेवायचे नसतात. ते ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे येतात, आणि दीड मीटरच्या मांडणीत पुढच्या डाव्यापासून मागचा डावा सुमारे १.९ मीटरवर पडतो. फ्लॅटमधल्या लहान खोलीत स्पीकर मागच्या भिंतीला टेकवण्याचा मोह होतो, पण मग मागचा आवाज डोक्यामागे एका ठिपक्यासारखा साचतो आणि घाटाचा विस्तार हरवतो. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून दोनच चॅनेल बाहेर पडतात, त्यामुळे सहा आउटपुट असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे संगणकाचा आवाज स्पीकरकडे नेणारी वेगळी पेटी, लागेल. पाचही स्पीकरवर एकेक करून पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खरखराट) वाजवून पातळी सारखी केल्याशिवाय मिक्सिंगला बसू नये.

आता रिझॉल्व्हमधल्या फेअरलाइट, म्हणजे ध्वनीच्या, पानावर जावे. फेअरलाइट मेनूतील 'बस फॉरमॅट' उघडून मुख्य बस (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तो मार्ग) स्टिरिओऐवजी ५.१ करावी, आणि प्रेफरन्सेसमध्ये स्पीकरची मांडणीही ५.१ निवडावी. संवादाचा ट्रॅक मोनोच, म्हणजे एकाच चॅनेलचा, ठेवावा. ट्रॅकच्या नावावर राइट-क्लिक केल्यावर 'चेंज ट्रॅक टाइप टू' मिळते. मिक्सरमधल्या पॅनच्या चौकोनावर डबल-क्लिक केले, की आवाजाची जागा ठरवणारा पॅनर उघडतो आणि त्यातला बिंदू पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकवता येतो.

खरे कसब येथून पुढे आहे. माझा नियम असा, की मागच्या स्पीकरवर जागा ठेवावी, घटना ठेवू नये. मागून अचानक हाक आली, तर प्रेक्षक मान वळवतो आणि पडद्यापासून तुटतो. उलट मागून पाण्याची खळखळ आणि माणसांची अस्पष्ट कुजबुज सतत येत राहिली, तर त्याच्या लक्षातही न येता तो पायरीवर बसलेला असतो. म्हणून घाटावर गेल्यावर कॅमेरा बंद करून किमान पाच मिनिटे नुसता परिसराचा आवाज टिपावा. दोन रेकॉर्डर असतील, तर एक नदीकडे आणि एक पाठीमागे तोंड करून ठेवावा, आणि सुरुवातीला एक टाळी वाजवावी, म्हणजे टाइमलाइनवर दोन्ही फाइल जुळवता येतात. एकच स्टिरिओ रेकॉर्डर असेल, तरी काम अडत नाही. त्याच रेकॉर्डिंगचा पहिला भाग पुढच्या जोडीवर लावावा आणि मागच्या जोडीवर तेच रेकॉर्डिंग तीस-चाळीस सेकंद पुढून सुरू करावे. पोत तोच राहतो, पण पुढचा-मागचा आवाज एकमेकांची नक्कल उरत नाही. तोच आवाज त्याच क्षणी पुढे आणि मागे दिला, तर तो पोकळ होतो आणि खोलीच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. मात्र या मागच्या भागातून घंटेचा ठोका, मोटारसायकलचा हॉर्न, ओळखू येणारे शब्द शोधून कापून टाकावेत, कारण तोच ठोका पुन्हा ऐकू आला तर फसवणूक लगेच उघडी पडते. मी मागची जोडी पुढच्यापेक्षा चार ते सहा डेसिबल खाली ठेवतो.

गुरुजींची मुलाखत असो वा निवेदन, बोलणे मध्य चॅनेलवरच द्यावे, म्हणजे कडेच्या खुर्चीवरच्या प्रेक्षकालाही आवाज पडद्यातूनच येतो. पार्श्वसंगीत मात्र मध्य सोडून डाव्या-उजव्यावर पसरवावे, म्हणजे शब्दांना वाट मोकळी राहते.

नाशिक ढोलाच्या दृश्यात एलएफईचा मोह सर्वांनाच होतो. ढोलाचा पूर्ण आवाज पुढच्या स्पीकरवर ठेवून त्याच्या घुमणाऱ्या खर्जाचा थोडासाच भाग एलएफईकडे पाठवावा. ५.१चे स्टिरिओ करताना एलएफई बहुधा गाळलाच जातो. ढोलाचा सारा दम तेथेच ठेवला असेल, तर फोनवर नुसती टिपरीची टकटक उरेल.

हे स्टिरिओ रूप, म्हणजे डाउनमिक्स, शेवटी नव्हे तर काम चालू असतानाच ऐकत राहावे, कारण बहुतेक लोक लघुपट फोनवरच पाहणार आहेत. डाउनमिक्समध्ये मध्य आणि मागचे चॅनेल साधारण ३ डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्यात मिसळतात. पाण्याचा आवाज खर्जापासून टिपेपर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो. पुढचे आणि मागचे पाणी एकत्र आले, की त्यात शब्द बुडतात. तसे झाले तर संवाद चढवण्याऐवजी पाणी उतरवावे.

एक्स्पोर्ट करताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि सहा चॅनेल ठेवावेत. येथे चॅनेलच्या क्रमाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे, हे मी अनुभवाने सांगतो. माझी फाइल डावा, उजवा, मध्य, एलएफई, मागचा डावा, मागचा उजवा या क्रमाने होती, आणि एका सभागृहात ती डावा, मध्य, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, एलएफई अशी वाचली गेली. गुरुजी पडद्याच्या मधोमध बसलेले आणि त्यांचा आवाज उजव्या कोपऱ्यातून येत होता. मागच्या उजव्या बाजूचे पाणी सबवूफरमध्ये गेले आणि ढोलाचा खर्ज मागच्या डाव्या स्पीकरमधून घुमला. तेव्हापासून दोन गोष्टी मी चुकवत नाही. सभागृहाला चॅनेलचा क्रम आधी लेखी विचारतो, आणि प्रत्येक चॅनेलवर त्याचे नाव उच्चारलेली अर्ध्या मिनिटाची वेगळी चाचणी-फाइल सोबत देतो. एलएफईवर शब्द उमटत नाहीत, म्हणून तेथे ५० हर्ट्झचा सूर ठेवतो. प्रेक्षक आत येण्यापूर्वी ती फाइल वाजवायची आणि 'मध्य' हा शब्द पडद्याच्या मधूनच येतो ना, हे खुर्चीत बसून ऐकायचे.