लांब पल्ल्याच्या ट्रेलची बोली: नवख्यांनो, या चुका टाळा

नोबो म्हणजे उत्तरेकडे चालणारा, सोबो म्हणजे दक्षिणेकडे चालणारा. एटी म्हणजे अ‍ॅपलाचियन ट्रेल, पीसीटी म्हणजे पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल; दोन्ही लांब पल्ल्याच्या पायवाटा. एवढं पाठ झालं की अमेरिकेतल्या ट्रेलची भाषा आली, असं अनेकांना वाटतं. पण ही लघुरूपं आखूड आहेत ती बोलणाऱ्याला बाकीचं सगळं ठाऊक असतं म्हणून. नवख्याला नेमकं ते बाकीचंच ठाऊक नसतं.

केएम म्हणजे नक्की कुठलं?

पीसीटीवर केनेडी मेडोज नावाच्या दोन जागा आहेत आणि दोन्हींना सर्रास केएम म्हणतात. (आपल्याला ते आधी किलोमीटर वाटतं, हा गोंधळ वेगळाच.) केनेडी मेडोज साउथ मेक्सिकोच्या सीमेपासून 702 मैलांवर आहे. वाळवंट संपून सिएरा नेवाडा ही पर्वतरांग सुरू होते तिथे. केनेडी मेडोज नॉर्थ सोनोरा पास या खिंडीच्या रस्त्याने खाली उतरल्यावर लागतं, आणि ती खिंड सुमारे 1,017 व्या मैलावर आहे. दोन्हींमध्ये तीनशेहून जास्त मैल, म्हणजे पाचशे किलोमीटर.

मग होतं ते असं. नोबो चालणारा घरी निरोप धाडतो, ‘कॅनिस्टर केएमला पाठवा.’ कॅनिस्टर म्हणजे अन्न ठेवायचा अस्वलरोधक डबा. घरचा माणूस नाव शोधतो, पहिला दिसलेला पत्ता उचलतो आणि खोकं नॉर्थला रवाना होतं. चालणारा साउथला पोचून रिकाम्या हाताने उभा. पुढे सिएरामधल्या काही भागांत हा डबा सक्तीचा आहे. त्यामुळे तसंच पुढे जाता येत नाही. तिथे असेल तो डबा नव्याने विकत घ्यायचा, नाहीतर खोकं परत फिरेपर्यंत दिवस मोजायचे. तिकडे ते खोकं जाऊन पडतं अशा ठिकाणी, जिथे बाकीचे लोक आपले डबे घरी परत पाठवत असतात.

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच कोणी करत नाही. खोक्यावर लघुरूप लिहायचंच नाही. पूर्ण नाव, साउथ की नॉर्थ, पिनकोड, पोचण्याची अंदाजे तारीख, एवढं सगळं लिहा. आणि तुमचं ओळखपत्रावरचं नाव लिहा. ट्रेलवर मिळालेलं टोपणनाव कितीही गोड असलं तरी पोस्टाचा कर्मचारी ओळखपत्राशी ताडून पाहतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

बेस वेट: नाव हलकं, पाठ जड

बेस वेट म्हणजे सॅकेतलं सामान, पण अन्न, पाणी आणि इंधन वगळून. अंगावरचे कपडे, बूट, काठ्या वेगळ्या. बेस वेट 10 पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोंच्या आत आलं की त्याला ‘अल्ट्रालाइट’ म्हणतात. नवखा हा आकडा वाचतो आणि समजतो की पाठीवर साडेचार किलो असतील. मग त्या भरवशावर बिनफ्रेमची सॅक घेतो.

आता हिशेब मांडू. पाच दिवसांचं जेवण, रोज 800 ग्रॅम धरलं तर 4 किलो. कोरड्या पट्ट्यात 4 लीटर पाणी, आणखी 4 किलो. साडेचारचे साडेबारा झाले, इंधन अजून बाकीच आहे. सिएरात कॅनिस्टरचा किलोभर त्यावर. बिनफ्रेमच्या बहुतेक सॅक नऊ-दहा किलोंनंतर भार कमरेवर टाकणं सोडून देतात; सगळं ओझं खांद्यांना लटकतं. सॅक वाईट नसते, ती चुकीच्या आकड्यावर निवडलेली असते.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ग्रॅममध्ये तोला आणि तीन रकाने करा: बेस, संपणारं, अंगावरचं. सॅक निवडताना पहिल्या दोन रकान्यांची बेरीज घ्या, तीही सर्वांत लांब कोरड्या टप्प्यातली. फोन, जाकीट, पॉवर बँक खिशात कोंबून ‘अंगावरचं’ म्हणून दाखवणारे पुष्कळ भेटतील. गुडघ्यांना रकाने कळत नाहीत.

ड्राय कॅम्प

ड्राय कॅम्प म्हणजे कोरडी, चिखल नसलेली छान जागा नव्हे. तिथे पाणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. ट्रेलच्या नकाशात ‘ड्राय कॅम्प, चार तंबूंची जागा’ वाचून कोणी संध्याकाळी अर्धा लीटर घेऊन पोचतो, आणि पुढचं पाणी सात मैलांवर असतं. मग रात्री हेडटॉर्च लावून चालणं आलं. आदल्या झऱ्यावरच हिशेब करा: रात्रीचं जेवण आणि पिणं मिळून एक लीटर, सकाळी अर्धा, पुढच्या पाण्यापर्यंत दर चार-पाच मैलांना एक. उन्हात त्याहून जास्त. शिवाय निघण्यापूर्वी तिथेच पोटभर पिऊन घ्या. त्याला ‘कॅमल अप’ म्हणतात, आणि हा एक शब्द मात्र लोक बरोबर समजतात.

‘सीझनल’, म्हणजे हंगामी, लिहिलेला झरा आटलेलाच आहे असं धरून पाणी उचला. पाणी असल्याची ताजी नोंद दिसली तर तिची तारीख आधी बघा.

बाकीचं थोडक्यात

झीरो म्हणजे शून्य मैलांचा दिवस. गावात झीरो घेतला की बहुधा दोन रात्रींचं भाडं पडतं. नीरो, म्हणजे जेमतेम चालण्याचा दिवस, सकाळी गावात पोचून घेतला तर एका रात्रीत कपडे, आंघोळ, खरेदी सगळं उरकतं. खिसा पातळ असेल तर नीरोच घ्या.

एटीवर झाडावर रंगवलेला पांढरा पट्टा, म्हणजे ब्लेझ, मुख्य वाट दाखवतो, निळा बाजूच्या वाटा: पाणी, शेल्टर (मुक्कामाची छपरी), देखावा. दोन पट्टे एकावर एक दिसले की थांबा, वळण किंवा बदल आहे. ‘यलो ब्लेझिंग’चा पिवळा रंग मात्र झाडावर शोधू नका, तो डांबरी रस्त्यावरच्या रेषेचा आहे. गाडीत बसून टप्पा गाळणं, हा त्याचा अर्थ. गाळायचा तर गाळा, पण मग पूर्ण ट्रेल चाललो म्हणू नका.

‘पीसीटी मेथड’ ही अन्नाची पिशवी फांदीला टांगण्याची पद्धत आहे. नावात पीसीटी असलं तरी कॅनिस्टर सक्तीचा असलेल्या पट्ट्यात ती चालत नाही.

‘व्हिटामिन आय’ हे जीवनसत्त्व नाही, आयबुप्रोफेन आहे. उपाशीपोटी आणि पाणी कमी प्यायलेलं असताना गोळ्यांवर गोळ्या घेणं पोटाला आणि मूत्रपिंडांना महाग पडतं.

एचवायओएच (हाइक युअर ओन हाइक), म्हणजे ‘तुझी वाट तू तुझ्या पद्धतीने चाल’, हे वेगाबद्दल आणि सामानाबद्दल आहे. शौचाचा खड्डा 15 ते 20 सेंटिमीटर खोल आणि पाण्यापासून 60 मीटर दूर खणायचा, तिथे ते लागू होत नाही.

आणि ‘हायकर मिडनाइट’ रात्री नऊला होते. त्यानंतर शेल्टरमध्ये प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुरवत सामान लावू नका.